पाठीला पाठ

लाभ

सोनकुंडच्या हळद बाजारात मोजणी एकपासून सुरू होत नाही. पहिलं पोतं टेकलं की हाळी उठते, ‘लाभ!’ मग दोन, मग तीन. एक म्हणायचं नाही. एकटेपणा मालाला लागतो, असं जुने हमाल सांगतात.

ही हाळी माझे वडील द्यायचे. मायाप्पा कोळेकर. टोळीतले सगळ्यात वयस्क, म्हणून सगळ्यांचे आण्णा. मी शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा गोदामाच्या बाहेरूनच कळायचं, गाडी किती भरली. नऊ जणांची टोळी. पिवळी अंगं, पिवळ्या पापण्या. आण्णा दोनदा साबण लावून आंघोळ करायचे, तरी त्यांच्या उशीवर डोक्याएवढा पिवळा गोल असायचाच.

हे मी त्यांच्याच पद्धतीनं मोजत सांगणार आहे. नऊपर्यंत जायचं आहे. आठवर अडखळेन.

दोन

स्नायू हे तसं उधळं यंत्र आहे. शंभर भाग ऊर्जा घेतो, वीस-पंचवीस भागांचं काम करतो, बाकीची उष्णता करून टाकतो. ती रक्तातून कातडीपर्यंत येते आणि कातडीतून किरण होऊन बाहेर पडते. आपल्या डोळ्यांना हे किरण दिसत नाहीत. उष्मा-कॅमेऱ्याला दिसतात. त्याच्यासमोर उघडी पाठ धरली की पडद्यावर नकाशा उमटतो. थंड ते निळं, कोमट ते हिरवं, ऊन ते पिवळं, फार ऊन ते तांबडं.

ओझं उचलल्यावर पाठ आधी थंड होते, गरम नाही. रक्त आत स्नायूंकडे धावतं, वर घाम वाळतो. थोड्या वेळानं कातडीखालच्या बारीक वाहिन्या उघडतात आणि पाठीवर ठिपके उगवतात, चांदण्या उगवाव्यात तसे. निरोगी पाठीवर ते दोन्ही बाजूंना सारखे असतात. ताणलेल्या स्नायूवर मात्र एकाच बाजूला गरम डाग पडतो, आणि माणूस तासभर बसला तरी जात नाही. डावी-उजवीकडचा फरक सव्वा अंशाच्या पुढे गेला की समजायचं, या माणसाची पाठ दोन-तीन दिवसांत धरणार. त्याला अजून काहीच कळलेलं नसतं. दुखणं उशिरा येतं.

कायदा झाला आणि प्रत्येक गोदामाच्या दारात कमान बसली. दर चाळीस पोत्यांनंतर हमालानं बंडी काढायची, कोरड्या फडक्यानं घाम टिपायचा आणि कमानीत तीन सेकंद उभं राहायचं. डोकं चित्रात येत नाही. नाव नाही, फक्त नंबर. माणसाची लाज राहावी म्हणून कायद्यानंच तसं ठरवलं होतं. ज्याच्या पाठीवर डाग, त्याचं नाव तेवढं उघड व्हायचं आणि त्याला विश्रांती मिळायची, वाटा न कापता.

मी ही चित्रं वाचायचे. वाचक, हेच माझ्या पदाचं नाव. वीस किलोमीटरवर एका वातानुकूलित खोलीत बसून अकरा गोदामांच्या पाठी. हे शिक्षण मी का घेतलं, असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी सांगितलं होतं, ‘ज्या पाठीवर शिकले, ती पाठ वाचता यावी म्हणून.’ वाक्य त्यांना आवडलं. मलाही आवडलं होतं.

पहिल्याच महिन्यात आमच्या टोळीतला तीन नंबर तांबडा आला. डावीकडे कमरेच्या वर, तळहाताएवढा डाग. नाव उघडलं. नागेश पखाले. नागूदादा. मी पाचवीत असताना मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारा. त्याला बारा दिवस घरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर मणक्यातली गादी सरकली असती.

तो आणि कमलवहिनी नारळ घेऊन घरी आले.

“मोने, तुझ्या त्या आरशानं माझीच पाठ मला दावली गं. चौतीस वर्सं झाली, कधी बघितली नव्हती. बायकोलाबी एवढं कळत न्हाई.”

“बायको रोज सांगतीया,” वहिनी म्हणाली. “पर बायकोला कुठं कमान हाय?”

तेव्हापासून टोळी कमानीला आरसाच म्हणायला लागली.

तीन

गोदामाचा व्यवस्थापक हर्षद नलवडे. वय बत्तीस, बोलणं मऊ. हमालांना अहो-जाहो करणारा तो पहिला व्यवस्थापक. त्याचा फोन आला.

“मॅडम, गरम पाठींची यादी तुम्ही देता, त्याचा फार उपयोग होतोय. तशी थंड पाठींची देता येईल का?”

“थंड म्हणजे?”

“म्हणजे चाळीस पोत्यांनंतरही ज्याचं चित्र सकाळसारखंच आहे.”

मी विचार केला. मला वाईट हेतू दिसला नाही. मला रोग दिसला. श्रमानंतर पाठ तापत नसेल, तर रक्तच पोचत नसेल. असा माणूस एक दिवस पोत्याखाली बसतो आणि उठत नाही. मी चित्रं चाळली. सोनकुंड, टोळी चार, नंबर आठ. दहा वाजता निळसर हिरवी, बारा वाजता निळसर हिरवी, चार वाजता तशीच. एवढी शांत पाठ मी फक्त स्वतःची पाहिली होती.

मी नोंद केली: ‘नंबर आठ. श्रमाची खूण नाही. रक्ताभिसरणाची तातडीनं तपासणी व्हावी.’

तातडीनं हा शब्द मी अधोरेखित केला होता.

चार

रविवारची सकाळ. आण्णा अंगणात ऊन घेत बसले होते. मी चहा दिला आणि म्हटलं, “आण्णा, तुमच्या टोळीत कुणीतरी आजारी आहे. नाव मला कळत नाही. पण तुमच्या मुकादमांना, रसूलभाईंना सांगा, आठ नंबरला दवाखान्यात न्या.”

आण्णांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. प्याले नाहीत.

“आठ नंबर मी हाय.”

“तुम्ही?”

“न्हाई तर काय. सुरुवातीलाच रसूलनं नंबर दिले. आठ माझा.”

मी उठलेच. “मग चला. आत्ता. काढा बंडी, बघू दे मला. छातीत दुखतं का? पायाला मुंग्या?”

“बस, मोना.” ते हसले, पण डोळे बशीत होते. “रगात चांगलं हाय माझं. मी पोतं उचलत न्हाई.”

“म्हणजे?”

“सहा वर्सं झाली. थप्पीवरनं पडलो होतो बघ, तुझी परीक्षा होती तवा. तुला तापाचं सांगितलं होतं. ताप न्हवता. कंबर गेली. पन्नास किलो काय, कळशी उचलताना दम लागतोय.”

“पण तुम्ही रोज जाता. मी बघितलंय तुम्हाला पोतं नेताना!”

“ते बारदानाचं.”

हमालांची ती युक्ती मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. रिकाम्या पोत्यांच्या घड्या एका पोत्यात ठासून भरायच्या, तोंड शिवायचं, वरून हळदीची भुकटी चोळायची. दिसायला पन्नास किलो, वजनाला पाच. टोळीतला माणूस निकामी झाला की त्याला घरी पाठवत नाहीत. त्याच्या पाठीवर बारदानाचं पोतं देतात. तो चारचौघांत ये-जा करतो, हाळी देतो, त्याची पोती बाकीचे वाटून घेतात, आणि मजुरीचा वाटा त्याला पूर्ण मिळतो. बोलायचं नाही, हिशेब धरायचा नाही. आज तुझं, उद्या माझं. रसूलभाईंच्या बापानं असंच पाच वर्षं बारदान वाहिलं होतं, आणि तेव्हा त्याची पोती आण्णांनी नेली होती.

“माझी लई करून नागूच नेतोय,” आण्णा म्हणाले. “आडवलं तर ऐकत न्हाई.”

पाच वर्षांपूर्वी मला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा टोळीनं पेढे वाटले होते. मला वाटलं होतं, नुसत्या कौतुकानं. त्यात त्यांचेही कष्ट होते.

पाच

नलवडेनं माझी नोंद वाचली. रक्ताभिसरण हा शब्द सोडून सगळी वाचली. नवा नियम फलकावर लागला: सलग तीन दिवस ज्याची पाठ थंड, त्याचं नाव टोळीतून कमी. टोळीनं ते लपवलेलं आढळलं, तर टोळी गोदामातून कमी. त्या दिवसापासून आठ नंबरचे दिवस मोजले जाऊ लागले.

दोन दिवस गेले. दोन्ही थंड.

मी अर्धी रजा टाकून बाजारात गेले. टोळी चहाच्या टपरीवर होती. मुकादम रसूल मुजावर बाकावर, बाकीचे उकिडवे. मला बघून कुणी नेहमीसारखं ‘आल्या डाक्टरीणबाई’ म्हटलं नाही.

“बेटी, बस,” रसूलभाई म्हणाले. “तू लिहिलंस?”

“मला वाटलं, आजार आहे.”

“बरोबर लिहिलंस. आजारच आहे. म्हातारपण म्हणतात त्याला.”

“माझं चुकलं, चाचा. मी आता काय करू ते सांगा. सगळं खरं सांगून टाकते नलवडेला. तो माणूस वाईट नाही.”

“वाईट न्हाई म्हणूनच भ्या वाटतंय,” कोपऱ्यातून टोळीतला सिद्राम बोलला. “वाईट असता तर शिव्या घालून सोडला असता. ह्यो नियम दावंल.”

नागूदादा ग्लास विसळत होता. वाकताना त्यानं डावा हात कमरेवर टेकवला. मी ते पाहिलं.

“दादा, दुखतंय?”

“तुला बघून दुखायला लागलं,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. “जा गं. हपीस बुडवू नको.”

निघताना रसूलभाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. “बेटी, कातडीवरची गरमीच बघतो ना तुझा आरसा? आतलं काही बघत नाही?”

“कातडीवरचीच. का?”

“काही नाही. विचारलं.” ते थांबले. “उद्या आमचं आम्ही बघतो. तू फक्त फार बघू नको.”

सहा

तिसरा दिवस. अकरा वाजून चार मिनिटं. सोनकुंड, टोळी चार.

एक नंबर, ठीक. दोन, ठीक.

तीन नंबर. नागूदादा. पहिल्या फेरीला डावीकडचा फरक एक अंश होता, सव्वाच्या खाली, पण चढता. आता शून्य पूर्णांक आठ. यंत्रानं बाजूला हिरवा बाण दाखवला: सुधारणा.

चार, पाच, सहा, सात. ठीक.

आठ नंबर. गरम.

मी खुर्चीत पुढे सरकले. आजवर निळसर असलेली पाठ आज पिवळी होती. यंत्र समाधानी झालं. श्रमाची खूण: आढळली. मला आनंद झाला. तो साधारण दहा सेकंद टिकला.

कारण ठिपके नव्हते.

श्रमानं तापलेल्या पाठीवर वाहिन्यांच्या चांदण्या असतात. इथे नुसता धूर होता, कडा विरघळलेला, बाहेरून लावल्यासारखा. आणि उजवीकडे एक तांबूस डाग, तळहाताएवढा. तो स्नायूवर नव्हताच, चार बोटं वर, बरगडीवर होता. बरगडी ताणली जात नाही.

तो आकार मी ओळखत होते.

मी तीन नंबरचं चित्र शेजारी घेतलं. ते आडवं उलटवलं, डाव्याचं उजवं केलं. मग चार बोटं वर सरकवलं, कारण नागूदादा आण्णांपेक्षा तेवढाच उंच आहे. मग ते आठ नंबरवर ठेवलं.

डाग डागावर बसला. कडा कडेवर.

माझ्या वडिलांच्या पाठीवर दुसऱ्या माणसाच्या कष्टाचा ठसा होता.

सात

(हे मला नंतर रसूलभाईंनी सांगितलं. मागच्या थप्पीआड, कमानीकडे जायच्या आधी.)

“बंड्या काढा दोघांनी. आण्णा, भिताडाकडं तोंड कर. नागू, तू इकडं. आता मागं सरका. टेकवा.”

“रसूल, नको हे. पोरगीला कळंल.”

“पोरगीला सांगितलंय बघू नको म्हणून. टेकव.”

“आईगं! बर्फ हाय का आण्णा तुमची पाठ!”

“आन तुझी? तवा हाय नुसता.”

“मग भाकरी थापा की.”

“हसू नका रे, हलतंय. एकदोनशे मोजा.”

“एक म्हणू नको. लाभ म्हण.”

“लाभ. दोन. तीन. चार…”

“नागू, लई गरम लागतंय रे डावीकडं. दुखतंय का?”

“सकाळपास्नं दुखत हुतं. आता बरं वाटालंय. थंड वाटतंय, आण्णा. सरकू नगा. अजून थोडं राहू द्या.”

आठ

वाचकाला नव्वद सेकंद मिळतात. शंका असेल तर लाल कळ दाबायची. मग दहा मिनिटांनी सगळ्या टोळीची पुन्हा चित्रं निघतात, आणि दहा मिनिटांत उसनी उष्णता उतरते. कळ दाबली नाही तर दिवा आपोआप हिरवा होतो.

नव्वद.

उष्णता दिली की देणारा तेवढा थंड होतो. हे आठवीच्या पुस्तकात आहे. नागूदादाचा फरक शून्य पूर्णांक आठ नाही. आण्णांच्या बरगडीवर जे आहे, ते त्याच्यात परत मिळवलं तर दीडच्या वर जातो.

सत्तर.

लाल दाबली तर आण्णांची पाठ थंड निघेल. तिसरा दिवस. बारदानाचं पोतं उघडलं जाईल. नऊही जण बाहेर.

पंचावन्न.

नाही दाबली तर नागूदादा पुढची चाळीस पोती उचलेल.

चाळीस.

त्याला फोन करते. हमालांचे फोन कमानीबाहेरच्या पेटीत असतात.

तीस.

आजच्या दिवसाचा प्रश्न आहे. संध्याकाळी त्याच्या घरी जाईन, उद्यापासून बस म्हणेन. दुखणं उशिरा येतं. दोन-तीन दिवस. माझंच शास्त्र सांगतं, दोन-तीन दिवस.

बारा.

ज्या पाठीवर शिकले. आता मला माहीत आहे, कुणाच्या.

पाच.

 

 

नऊ

अकरा चाळीसला सतरावं पोतं. आण्णांनी ‘सतरा’ म्हटलं आणि नागूदादा गुडघ्यावर बसला, पोतं पाठीवर तसंच. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “पाय कुठं गेले?”

चौकशी झाली. दोन सदस्य, एक पाण्याची बाटली. वाचकाला चित्रात काही वावगं दिसलं होतं का? मी म्हटलं, नाही. खरं सांगितलं असतं तर टोळीनं फसवणूक केली असं ठरलं असतं आणि नागूदादाला मिळणारी भरपाई थांबली असती. हे खरंच आहे. माझी नोकरीही गेली असती, तेही खरंच आहे. यातलं कोणतं कारण आधी आलं, ते विचारायला कुणी यंत्र अजून काढलेलं नाही. अहवालात लिहिलं गेलं: यंत्रणा निर्दोष; कामगाराची हालचाल चुकली.

नलवडे दवाखान्यात दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा डोळे पुसले. मग पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यानं टोळ्या बंद केल्या. आता प्रत्येक हमाल सुटा. प्रत्येकाला वेगळा नंबर, वेगळी वाट, मध्ये जाळी. कोणाचं पोतं कोणी उचलत नाही. मोजणी कमान करते. ती एकपासून करते.

पाच महिन्यांनी, भरपाई चुकती झाल्यावर, नागूदादाची फाईल बंद करायची वेळ आली. त्यासाठी शेवटचं उष्मा-चित्र लागतं. नलवडे म्हणाला, “तुम्हीच जा मॅडम. घरचंच माणूस बरं.”

मी हातातला कॅमेरा घेऊन गेले. आण्णा आधीच तिथे होते. हल्ली ते सकाळी जेवणाचा डबा बांधून निघतात, बाजाराच्या वेळेला, आणि नागूदादाच्या घरी जाऊन बसतात. नागूदादाचं कमरेखाली काही हलत नाही, त्याला टेकल्याशिवाय बसवत नाही. भिंतीला टेकवलं तर घसरतो. म्हणून आण्णा कॉटवर त्याच्या मागे उलटे बसतात, पाठीला पाठ लावून. तसे ते दोन-दोन तास बसतात. एक दाराकडे बघतो, एक भिंतीकडे.

“आली डाक्टरीण,” नागूदादा म्हणाला. “कमल, चहा टाक. साखर कमी घाल, हिला हपिसात बसून मेद आलाय.”

“बोलायला तेवढं येतंय अजून,” कमलवहिनी आतून म्हणाली. तिचा आवाज हसण्याचा होता. ती दारात आली तेव्हा चेहरा तसा नव्हता.

मी चित्र घेतलं. आधी पाय. मग आण्णांना जरा बाजूला व्हायला सांगून वहिनीनं त्याला खांद्याला धरलं, टेकल्याची ऊब उतरायला दहा मिनिटं गेली आणि मी पाठ घेतली. पडद्यावर नकाशा उमटला. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकसारखा निळसर हिरवा. डावं उजव्यासारखं, उजवं डाव्यासारखं. कुठे ठिपका नाही, डाग नाही. सहा वर्षं दुसऱ्याची पोती नेलेल्या त्या पाठीवरचा तळहाताएवढा डागही विझला होता. इतकं नीटस चित्र मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

यंत्रानं नेहमीप्रमाणे निष्कर्ष स्वतःच भरला.

“काय म्हणतोय आरसा?”

“ताण नाही म्हणतोय.”

“कुठंच?”

“कुठंच नाही.”

“मग झालं की! उद्यापास्नं येतो म्हणावं नलवडेला.”

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. आण्णा पुन्हा त्याच्या मागे जाऊन बसले आणि टेकले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, भिंतीकडे होता.

“मोने, एक इचारू? राग नको मानू.” नागूदादानं आवाज खाली आणला, डोळे मात्र चमकत होते. “त्या दिशी. मी बसायच्या आधी. आण्णाची पाठ गरम आली न्हवं?”

“आली.”

“तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, आण्णांनी काम केलं.”

“ऐकलंत का, आण्णा!” त्यानं मागे डोकं टेकवलं, ते आण्णांच्या डोक्याला लागलं. “एवढं शिकलेली पोरगी, एवढं मोठं यंत्र. मी म्हणलं न्हवतं, कळायचं न्हाई म्हणून? रसूलभाईंची आयडिया, पर गरमी माझी. फसवलं की न्हाई तुझ्या आरशाला?”

वहिनी चहा घेऊन तशीच उभी राहिली. पाच महिन्यांत त्याला दाखवण्यासारखं एवढंच उरलं होतं.

“फसवलंत,” मी म्हटलं. “मला काहीच दिसलं नाही.”

भिंतीकडून आण्णांचा श्वास ऐकू आला. त्यांनी मान वळवली नाही. त्यांना माहीत आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

पडद्यावर शेवटचा रकाना उघडा होता. ताण: शून्य. निष्कर्ष: काम करण्यास योग्य. वाचकाची सही.

मी सही केली. चहा गोड होता. कमी घाल म्हटल्यावरही वहिनीनं साखर नेहमीएवढीच घातली होती.